अति तेथे मुलतानी माती

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग घरातलं लग्न झालं, आणि की-बोर्डवर धूळ साचली. आजचा विषय तसा साधाच आहे. चामड्याच्या वस्तूला तेल किती लावावं? पण त्यात माझा एक कबुलीजबाबही आहे. धाकट्या, तू हे वाचशीलच. शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर.

गेल्या नोव्हेंबरात भाच्याचा फोन आला. "आत्या, आजोबांच्या वहाणा तुझ्याकडे आहेत ना? लग्नात घालायच्या म्हणतोय." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आजकालची पोरं आजोबांच्या वहाणा मागतात कुठे? मी लगेच म्हटलं, "आहेत की! अगदी जपून ठेवल्यात. दरवर्षी तेल लावते."

दरवर्षी म्हणजे वर्षातून दोनदा. नरकचतुर्दशीला अभ्यंगाचं तेल उरलं की ती वाटी आबांच्या वहाणांवर रिकामी करायची, आणि एकदा त्यांच्या तिथीला. आबा गेले २००१ साली. चोवीस वर्षांचा हिशेब केला तर पन्नासेक वेळा तेल झालं. कधी खोबरेल, कधी करडई, मग घरात सूर्यफूल आलं तेव्हा सूर्यफूल. वहाणा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या ट्रंकेत. तेल लावायचं ते पिशवीत हात घालून, देवाला नैवेद्य दाखवावा तसं. नीट बघितलं असं कधी नाहीच.

फोन ठेवला आणि या वेळी पिशवी पूर्ण उघडली. खवट शेंगदाण्यासारखा भपकारा आला. आबांच्या वहाणा कापशी, मूळच्या मधाच्या रंगाच्या. त्या डांबरासारख्या काळ्या झाल्या होत्या. पट्ट्यावर चिकट राप, बोट लावलं की सुटेना. वेणीच्या खाचांमध्ये पांढरं काहीतरी साचलेलं. तळ अंगठ्याने दाबला तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला. आणि वहाण हातात धरली तर पट्टा लोंबायला लागला. चामड्याला अंगच उरलं नव्हतं.

मी मराठीची बाई. विज्ञान माझा विषय नव्हे, तरी प्रयोग करायची हौस दांडगी. आधी टीपकागद दाबला. मग खडूची भुकटी फासली. मग गॅलरीत दुपारच्या उन्हात ठेवल्या. तासाभरात तेलाचे थेंब वर आले, मी खूश! संध्याकाळी बघते तर थेंब परत आत मुरलेले, आणि पट्ट्याची कड मात्र पापडासारखी वळलेली. तेव्हा शहाणपण सुचलं आणि रिक्षा करून मंडईजवळच्या चांभारमामांकडे गेले. झाडाखाली त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक पेटी, एक ऐरण आणि वर ताडपत्री. साठीचे असतील, पण मीही त्यांना मामाच म्हणते.

मामांनी वहाण उलटी केली, वास घेतला, माझ्याकडे बघितलं.

"बाई, वहाणाय का भजी?"

काय बोलणार! मी म्हटलं, "आणि हो, बुरशीपण आलीय."

त्यांनी त्या पांढऱ्या थरावर अंगठा ठेवून घासला. थर विरघळला. "बुरशी न्हाई ही. खोबरेल गोठलंय थंडीनं. बुरशी असती तर उबेनं इतळली नसती." एवढं साधं! सकाळी बाटलीत खोबरेल गोठलेलं मी सत्तर हिवाळे बघत आले, पण वहाणेवर ते ओळखता आलं नाही.

मग मामा म्हणाले, "कुणाच्या?"

"वडिलांच्या. आठवण म्हणून जपल्यात."

ते टाचेकडे बोट नेत थांबले. तिथे तळाची शिवण उसवलेली होती, चांगली चार बोटं. त्या फटीत त्यांनी नख घातलं आणि म्हणाले, "एवढं तेल घातलं, आणि टाका एकबी घातला न्हाई?"

हा प्रश्न मला कुणीतरी कधीतरी विचारणार, हे मला चोवीस वर्षं माहीत होतं.

धाकट्या, आता ऐक. त्या वर्षी मार्चमध्ये मी गावी आले होते, एका रात्रीसाठी. निघताना आबांनी वहाणा माझ्या हातात दिल्या. म्हणाले, "टाच उसवलीय. गावातला चांभार मुलाकडे गेलाय. तुझ्याकडून शिवून आण." मी आणल्या. दहावीचे पेपर तपासायला आले होते, घरात परीक्षा, आणि पिशवी दाराच्या खिळ्याला. चांभार शाळेच्या वाटेवर बसायचा. रोज जाताना वाटायचं, उद्या नक्की. आबांचा दोनदा फोन आला. एकदाही वहाणांचं विचारलं नाही, हे जास्त लागतं. एप्रिलच्या शेवटी ते गेले. मी पोचले तेव्हा दारात त्यांच्या रबरी स्लिपर होत्या. तू मला विचारलं होतंस, "आबांच्या वहाणा कुठे गेल्या गं?" मी म्हटलं, "आठवण म्हणून मी नेल्यात." नेल्या होत्या हे खरं. कधी आणि कशासाठी, ते सांगितलं नाही.

म्हणून ते तेल. दिवाळीला वाटी ओतताना मला बरं वाटायचं. आपण काहीतरी करतो आहोत असं वाटायचं. पण वहाणेला काय हवं होतं? चार बोटांची शिवण. तेव्हा फार तर दहा रुपयांचं काम. ते मी केलं नाही, कारण त्यासाठी पिशवी पूर्ण उघडून बघावी लागली असती.

तर आता मूळ मुद्द्यावर येते. माझं मत असं झालं आहे की चामड्याच्या वस्तू आपण जितक्या हेळसांडीने घालवतो, तितक्याच मायेने घालवतो. आणि ती माया बहुतेक वेळा वस्तूसाठी नसते, आपल्या मनासाठी असते.

मामांकडून आणि नंतर थोडं वाचून मला जे समजलं ते असं. चामडं म्हणजे बारीक तंतूंची गुंतलेली जाळी. आपल्या कोल्हापुरी वहाणांचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. त्यातला तुरट अंश तंतूंना धरून बसतो, म्हणून कातडं सडत नाही. तेलाचं काम एवढंच, की वाकवताना ते तंतू एकमेकांवरून सहज सरकावेत. कोरडं पडलं तर तंतू चिकटतात आणि चामडं तडकतं. हे खरं आहे, म्हणून तेल लावायचं हेही खरं. पण जाळीतल्या सगळ्या जागा तेलाने भरल्या तर तंतूंना एकमेकांचा आधारच राहत नाही. चामडं लोंबतं, ताणलं जातं, टाक्यांची भोकं रुंदावतात. वर धूळ चिकटते ती वेगळीच. आणि स्वयंपाकाचं तेल हवेने खवट होतं.

करडईची तर आणखी गंमत. करडईचं तेल हवेत हळूहळू सुकून घट्ट होतं, म्हणून ते रंग बनवायलाही वापरतात. जवसाचंही तसंच, सूर्यफूल त्या मानाने सावकाश. वहाणेवरचा चिकट राप तोच! म्हणजे मी दर दिवाळीला आबांच्या वहाणांना व्हार्निशचा एक हात देत होते. आबा स्वतः एरंडेल लावायचे. ते असं सुकत नाही. त्यांना हे कारण माहीत असेल-नसेल, पण त्यांची पद्धत मला आठवते. चामडं फिकट, कोरडं दिसू लागलं तरच एक बोट बुडवायचं, दोन्ही वहाणांना पुरवायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी फडक्याने पुसून घ्यायचं. बोटभर तेल आणि पुसणं. मी तेल तेवढं लक्षात ठेवलं, पुसणं विसरले.

ही चूक फक्त अडाण्यांची नाही बरं का. विसाव्या शतकात मोठमोठ्या ग्रंथालयांमध्ये चामडी बांधणीच्या जुन्या पुस्तकांना तेल-मेण चोळायची पद्धत होती. ब्रिटिश म्युझियमच्या नावाने ओळखलं जाणारं एक मलमही होतं. लॅनोलिन म्हणजे लोकरीतली चरबी, मधमाशांचं मेण आणि सीडरच्या लाकडाचं तेल घालून केलेलं. पुढे लक्षात आलं की बांधण्या काळ्या, चिकट होतात, वर पांढरा थर येतो. आज जतनाचं काम करणारे बहुतेक जाणकार सांगतात, की उगाच काही चोळू नका, हवा बेताची ठेवा आणि हात लावायचा तर स्वच्छ लावा. मोठ्या पंडितांनाही पुस्तकाला काहीतरी करावंसं वाटत होतं! मला जरा धीर आला हे वाचून.

आता जरा कडू बोलते. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, म्हणून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. व्हायलाच हवा होता. पुढे कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. हे सगळं मीही त्या दिवसांत सतरा जणांना फॉरवर्ड केलं. "आपला वारसा" वगैरे शब्द वापरून. त्या वेळी आपला वारसा माझ्या ट्रंकेत तेलात बुडालेला होता.

आणि नोव्हेंबरात मामांनी सगळ्या कामाचे तीनशे सांगितले तेव्हा माझ्या तोंडून काय गेलं? "अडीचशे घ्या की!" सवय हो. जन्मभराची. मामा काही बोलले नाहीत, रापी धारेला लावत बसले. मग मलाच कसंतरी झालं. तीनशेच दिले, पण तोंडातून गेलेलं परत घेता येतं का?

अभिमान म्हणजेही एक तेलच आहे. ते ओतायला काही लागत नाही आणि ओतताना फार बरं वाटतं. टाका घालायला मात्र जावं लागतं, बघावं लागतं, आणि पैसे मोजावे लागतात. गावातला चांभार मुलाकडे गेला तो परत आलाच नाही, आणि त्याची जागा कुणी घेतली नाही. चपला शिवून घेणारे आपण कमी झालो, शिवणारेही कमी झाले. यात सरकारचं, बाजाराचं जे काय चुकलं असेल ते असो. पण माझ्या शाळेच्या वाटेवरच्या माणसाकडे मी महिनाभरात एकदाही थांबले नाही, ती चूक माझीच.

असो. ज्यांच्या कपाटात असंच तेलात न्हालेलं काही असेल, त्यांच्यासाठी आमचा उपचार लिहिते. मामांनी मला चक्क गृहपाठ दिला होता.

पहिलं काम त्यांनी केलं. बांबूच्या बोथट कामटीने वरचा राप हळूहळू खरवडून काढला. लोखंड लावलं नाही, चामडं सोललं जातं म्हणून. सुकून घट्ट झालेलं तेल कुठली पावडर शोषत नाही, ते असंच काढावं लागतं. मग कोरड्या सुती फडक्याने पुसत राहायचं, फडकं कोरडं निघेपर्यंत.

दुसरं काम माझं. मुलतानी माती! कोरडी, चाळलेली. पाणी अजिबात घालायचं नाही. आपण तोंडाला लावतो तसा लेप केला तर माती तेल सोडून पाणीच पिते आणि चामडंही भिजतं. वहाणेवर वरून, खालून, वेणीच्या खाचांत मातीचा जाड थर द्यायचा, जुन्या धोतरात गुंडाळायचं आणि उबदार जागी सावलीत ठेवायचं. ऊब हवी, ऊन नको. उबेने तेल पातळ होऊन मातीत येतं, उन्हाने चामडं वळतं. गॅसजवळ, इस्त्रीखाली तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी माती मऊ ब्रशने झटकायची. पहिल्या दिवशी माझी माती ओल्या गुळासारखी निघाली. पुन्हा नवी माती. असे नऊ दिवस. नवव्या दिवशी माती जशी घातली तशी भुरभुरीत निघाली. "अति तेथे माती" ही म्हण मी इतकी वर्षं पोरांना समजावून सांगितली, पण पुढे 'मुलतानी' शब्द लावला की ती उपायही सांगते, हे पंचाहत्तरीत कळलं!

पेट्रोलने, टर्पेन्टाइनने धुवावं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते हवं ते तेलही काढून घेतं, आणि घरात आगीची भीती. साबणाच्या पाण्यात बुडवणं तर नकोच. मामांनी शेवटी फक्त साबणाचा फेस घट्ट पिळलेल्या फडक्यावर घेऊन एकदा फिरवला, दुसऱ्या ओलसर फडक्याने पुसला आणि चार दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवायला सांगितलं. प्लास्टिकची पिशवी त्यांनी स्वतःच कचऱ्यात टाकली. चामड्याला हवा लागते. सुती पिशवी चालेल, छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

आणि सगळं निघत नाही, हेही सांगून ठेवते. खोल मुरून सुकलेलं तेल आतच राहतं. मधाचा रंग काही परत आला नाही, विटकरी-काळा राहिला. एक कान पार कुजला होता, तो मामांनी नवा घातला. तो तेवढा पिवळा दिसतो. मग चामड्याच्या वादीने त्यांनी टाच शिवली. मी समोर बसून राहिले. दहा मिनिटं लागली असतील.

मार्गशीर्षात लग्न झालं. सीमांतपूजनाला भाचा त्या वहाणा घालून आला. आबांच्या पायापेक्षा याचा पाय रुंद, पण माझ्या तेलाने पट्टे सैल झालेले, त्यामुळे बरोब्बर बसल्या! घरात सगळे म्हणाले, "अगदी मापाच्या केल्यात जणू." मी गप्प.

आबा ओसरीवर आले की आधी वहाणांची करकर ऐकू यायची, आम्ही भावंडं पुस्तकं उघडून बसायचो. भाचा मांडवातून चालत आला तेव्हा मी कान देऊन ऐकत होते. आवाज आला नाही. मामांना नंतर विचारलं, तर म्हणाले, "तेल प्यालेलं चामडं बोलत न्हाई, बाई."

तेव्हाच धाकट्याने मला विचारलं, "ताई, टाच नवी शिवलेली दिसते?" मी म्हटलं, "हो, उसवली होती." तो म्हणाला, "बरं केलंस." तेवढ्यात फोटोग्राफरने हाक मारली आणि राहिलंच. म्हणून आज लिहिलं.

वहाणा आता भाच्याकडेच दिल्या आहेत. पावसाळा सोडून महिन्यातून दोन-चार वेळा घालायच्या, भिजल्या तर सावलीत वाळवायच्या, शिवण सैल दिसली की त्याच आठवड्यात चांभाराकडे न्यायच्या, आणि मला विचारल्याशिवाय तेलाचा थेंब लावायचा नाही, असं बजावलं आहे. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण मला कधी आवडली नाही. माणसांना पायरी दाखवायला ती वापरतात. पण वहाणेपुरती मात्र ती शंभर टक्के खरी आहे.

तुमच्याकडेही कुणाची चामडी पिशवी, पट्टा, वहाणा असतील तर आज काढा आणि उजेडात बघा. तेलाची वाटी घेऊन येऊ नका. आधी शिवण बघा.

धाकट्या, आता फोन कर.